झिंगा

फ्रेमिंगहॅमला, जुन्या बुटांच्या कारखान्याच्या दुसऱ्या मजल्यावर.
खाली लाँड्री, म्हणून फरशी जानेवारीतही कोमट.
दर गुरुवारी आई मला तिथे सोडायची,
कारण लॅबमधली तिची पाळी साडेसातला सुटायची
आणि दुसऱ्या कुठल्याच क्लासची फी झेपणारी नव्हती.
इथे फी म्हणजे, जमेल ते द्या. नाही जमलं तर झाडू मारा.
मी आठ वर्षांची. मी झाडू मारला.

दिवसा लोकांची घरं पुसणारी बाई,
संध्याकाळी कापोएरा शिकवणाऱ्या बाई.
माझ्या भाषेत शब्द एकच, फक्त क्रियापद बदलतं.
इव्हानिल्जी त्यांचं नाव.
त्यातला जी आदराचा, अशी आईची समजूत
शेवटपर्यंत कुणी मोडली नाही.

पहिला महिनाभर लाथ नाहीच.
पडायला शिकवलं.
आधी हात, मग कुल्ला, डोकं टेकवायचंच नाही:
"तुझं गणित आहे त्यात, सांडशील."

मग डुलणं. डावा पाय मागे, उजवा मागे,
उभं राहायचं, पण एका जागी सापडायचं नाही.
याला जिंगा म्हणतात, त्या म्हणाल्या,
आणि मला हसू फुटलं.
आमच्याकडे झिंगा म्हणजे कोळंबी!
झालं. त्या दिवसापासून मी कामारांव,
त्यांच्या भाषेतली कोळंबी.
शाळेत मृण्मयीचे रोज तुकडे व्हायचे,
इथे कोळंबी अख्खी राहिली.

खेळणारे दोघे मध्ये, बाकीचे गोल.
त्या गोलाला ते होडा म्हणत, मला ती होडी वाटे,
कुणी एक जण जास्त रेलला की सगळ्यांना कळायचं.

लाथ लागता कामा नये.
लागली असती, एवढंच समोरच्याला कळलं पाहिजे.
माझ्या नाकापुढे थांबलेला जोझुएचा तळवा
अजून दिसतो: टाचेला भेग,
भेगेत कुणाच्या तरी भिंतीचा पांढरा रंग.

जोझुए सोमवारी होता, गुरुवारी नव्हता.
मोठी माणसं हळू आवाजात कागद, कागद म्हणत होती.
रेडिएटरजवळची त्याची जागा मी मोकळी सोडली.
बाई म्हणाल्या, गोल मिटवा.
नऊ वर्षं येत होता तो!
एक संध्याकाळसुद्धा नाही?
"भोक ठेवलं की जोर तिथून वाहून जातो."
मी टाळ्या वाजवल्या, पण दात आवळून.
त्या रविवारी, त्याची अर्धवट राहिलेली भिंत होती नॅटिकला,
तिला दुसरा हात आम्ही सात जणांनी दिला.
पैसे त्याच्या बायकोकडे. याबद्दल कुणी काही बोललं नाही,
मीही त्याचा अर्थ लावला नाही तेव्हा.

सतराव्या वर्षी सोडलं. भांडण वगैरे नाही,
नुसतं पुढच्या गुरुवारी, पुढच्या गुरुवारी करत अकरा वर्षं.

क्लीव्हलँडला एका पार्किंगमध्ये काळ्या बर्फावर
पाय सटकला. दूध, अंडी, मी.
आधी हात, मग कुल्ला.
अंडी फुटली. गणित सांडलं नाही.
त्या रात्री स्वयंपाकघरात, दिवा न लावता,
डावा मागे, उजवा मागे,
खालच्या मजल्यावरच्याने काठी आपटेपर्यंत.

आता कारखान्यात महागडे फ्लॅट आहेत.
आमच्या खिडकीतून कुणाचा तरी कुत्रा बघत होता.
होडा चर्चच्या तळघरात गेलाय,
छत इतकं ठेंगणं की बेरिंबाऊचा दांडा पाइपला लागतो
आणि प्रत्येक गाण्यात एक टण् जास्तीचा.
बाईंचा उजवा हात खांद्याच्या वर जात नाही.
हायवेभर पाठ केलेली पोर्तुगीज माफी
दारातच जिभेला चिकटली.

टाळ्या थांबल्या नाहीत.
अनोळखी दोन पोरं, नऊ-दहा वर्षांची,
न बघता एकेक वीत सरकली.
मधे एका माणसाची जागा.

बाईंनी मान वळवली नाही.
गाण्याची ओळ संपवली, श्वास घेतला, म्हणाल्या,
कामारांव, बूट काढ.
आत्ताच पुसलंय.